मैनेची उत्तरपूजा

१

आमच्या घरात पूजेला खंड नाही. आनंदनगरच्या कारखान्यात मी भांडाराचा प्रमुख होतो, तेव्हाही पाळी कोणतीही असो, पूजा झाल्याशिवाय मी बदलापूर गावातले घर सोडले नाही. निवृत्तीनंतर पूजा हाच दिवसाचा कणा झाला. ती आटोपली की थोड्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधून मी सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि मुलगी बाहेर निघाली की तिच्या डोक्यावर टाकतो. माझे वडीलही हेच करीत. त्याचे कारण मी त्यांना विचारले नाही. विचारावेसे वाटले नाही.

अनुया माझी एकुलती एक. तिची आई बकुळा दोन वर्षांपूर्वी गेली. बकुळेची एक सवय होती. मुलगी निघाली की ती तिच्या ओढणीचे टोक धरी. ओढत नसे, नुसती धरून उभी राही आणि बोटांनी त्याला बारीक पीळ देत राही. मग गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसे आणि मुलगी परतेपर्यंत अन्नाला शिवत नसे. मी तिला रागावलो नाही. आमच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, तिच्या आईने तिचा पदर असाच धरलेला मी पाहिला होता.

आता अनुयाचे शौनकशी लग्न ठरले होते. मार्गशीर्षात लग्न, आणि लगेच बंगळूरला बिऱ्हाड. आणि अनुयाला उंबरा ओलांडता येत नव्हता. संध्याकाळी परतायचे असले तर तिला काहीही होत नसे. रोज नोकरीला ती व्यवस्थित जाई. हातात मुक्कामाची बॅग असली, की दारातच तिचा श्वास अडे. ओठ निळे पडत. ती मागे फिरली, बॅग खाली ठेवली, की सगळे ठीक. डॉक्टरांना काही सापडले नाही.

मग तिला कोणीतरी वांगणीचे एक शेतघर सांगितले. तिथे घोड्यांच्या सोबतीने माणसाला स्वतःचे आणि स्वतःच्या घराण्याचे स्वभाव समजतात म्हणे.

‘‘देवापुढे बसून जे कळत नाही, ते घोड्यापुढे उभे राहून कळेल?’’ मी विचारले.

‘‘बाबा, देव काही बोलत नाही ना.’’

‘‘घोडा बोलतो?’’

‘‘नाही. पण तो खोटं वागतही नाही.’’

मुलीच्या श्वासाचा प्रश्न होता. मी तिच्याबरोबर गेलो.

२

आश्विनातली दुपार होती. भात पिवळे पडू लागले होते आणि चंदेरीचा सुळका धुरकट उन्हात अर्धा विरून गेला होता. शेतघरापुढे लाकडी कुंपणाचे गोल रिंगण होते. त्यात तीन घोडे उभ्या जागी झोपल्यासारखे उभे होते. वारा नव्हता. माशा हाकणाऱ्या शेपट्यांचा तेवढा आवाज येत होता. तिथे पाऊल ठेवले आणि मला वाटले, आपण अजून घरीच आहोत आणि दुपारी डोळा लागला आहे.

मीनल नावाची बाई हे काम करी. केस आखूड, आवाज मऊ. पूर्वी ती अंबरनाथला एका शाळेत मुलांचे समुपदेशन करीत असे.

‘‘काका, तुम्ही कुंपणाबाहेर खुर्चीवर बसा. मध्ये बोलू नका, एवढंच.’’

घोड्यांना खरारा करणारी नवसी जवळच होती. डोंगराकडच्या वाडीतली. तिने मला पान पुढे केले. मी नको म्हणालो.

‘‘नको? मंग बसा देवासारखे, नुसतं बघत.’’

मीनलने अनुयाला विचारले, ‘‘बघ, या तिघांपैकी तुझ्या आईच्या जागी कोण उभं राहील?’’

अनुयाने विचार न करता भुरक्या म्हाताऱ्या घोडीकडे बोट दाखवले.

‘‘मैना?’’ नवसी हसली. ‘‘सांभाळा वो ताई. कापडं खाती ती. माजा पदर अर्धा गिळलाय भवानीनं.’’

मीनलने मातीवर एक पांढरी दोरी आडवी टाकली. ‘‘हा तुझ्या घराचा उंबरा. बॅग खांद्याला लाव आणि पलीकडे जा. घाई नाही.’’

अनुया निघाली. दोरीशी थांबली. तिची पाठ मला दिसत होती; खांदे वर उचलले गेले होते. आता श्वास अडणार, हे मला ओळखू आले. तेवढ्यात मैना हळूहळू चालत तिच्या मागे आली, मान खाली घातली आणि ओढणीचे टोक ओठांत धरले.

मी खुर्चीवरून उठलो. घोडी कापडे खाते, हे नवसीने सांगितलेच होते. पण ही खात नव्हती. जबडा हलत नव्हता. तिने ते टोक नुसते धरले होते, डोळे मिटून.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. ऊन कुंपणाच्या एका फळीवरून दुसरीवर सरकले.

‘‘आई, सोड ना गं,’’ अनुया म्हणाली. तो आवाज शाळेत जाणाऱ्या अनुयाचा होता.

मैनेने टोक सोडले. अनुयाने दोरी ओलांडली आणि पलीकडे उभी राहून एकाच वेळी हसू आणि रडू लागली. तिचा श्वास मोकळा चालला होता. कुंपणाबाहेरून मला तो ऐकू येत होता. मी मनात देवाचे नाव घेतले.

३

‘‘आता शेवटचं,’’ मीनल म्हणाली. ‘‘मैना इतका वेळ तुझ्या आईच्या जागी उभी होती. तिला त्यातून मोकळं करायचं. तिच्या मानेवरून हात फिरव आणि स्पष्ट म्हण, तू माझी आई नाहीस. तू मैना आहेस. जा.’’

अनुयाने हात फिरवला. तोंड उघडले. मिटले.

‘‘नाही म्हणवत.’’

‘‘म्हणावं लागतं अनुया. कुणाला बोलावलं की पाठवावंही लागतं. तसंच सोडलं तर...’’

‘‘तू माझी आई नाहीस, असं कसं म्हणू? ती आत्ता इथे होती.’’

मला मुलीचे बोलणे योग्य वाटले. जन्मदात्रीला ‘तू आई नाहीस’ म्हणायला लावणारी विद्या मला मान्य नव्हती. मध्ये न बोलण्याचे बंधन मी मोडले.

‘‘निरोपाची रीत आमच्याकडे आहे,’’ मी म्हणालो. ‘‘ज्याला बोलावले त्याला आम्ही मानाने पाठवतो. हाकलून देत नाही.’’

‘‘काका, शब्द फक्त साधे हवेत. तिला कळतील असे.’’

‘‘आमचे शब्द पिढ्यांचे आहेत.’’

मीनल बाजूला झाली. ‘‘बरं. ज्याची जशी श्रद्धा.’’

मी रिंगणात गेलो. खिशातली पुडी सोडली, अक्षता मैनेच्या आयाळीवर वाहिल्या आणि उत्तरपूजेचा मंत्र म्हटला. लहानपणापासून जसा म्हणत आलो तसाच, शेवटच्या ‘पुनरागमनाय च’पर्यंत, एकही अक्षर न गाळता. मग विसर्जनाच्या वेळी मूर्ती किंचित हलवतात, तसा दोन बोटांनी तिच्या मानेला हलका धक्का दिला.

मूर्ती हलवली की देव स्वस्थानी गेला, असे आपण मानतो. घोडी हलली, पण दूर गेली नाही. एक पाऊल माझ्याकडे आली.

‘‘घ्या, मैनाची पूजा झाली,’’ नवसी म्हणाली. ‘‘आता निवद बी धाडा घरून.’’

परतताना रिक्षात अनुयाने ओढणीचे टोक माझ्यापुढे धरले.

‘‘बाबा, हे बघा.’’

टोकाला बारीक, घट्ट पीळ होता.

‘‘मशीनमध्ये पडला असेल.’’

‘‘सकाळी इस्त्री करून घातली होती.’’

‘‘मग घोडीच्या जिभेने.’’

‘‘मग ओलं नको, बाबा?’’

मी ते टोक हातात घेतले. घोडीने इतका वेळ तोंडात धरलेले ते कापड पूर्ण कोरडे होते.

४

त्यानंतरचे दिवस आनंदाचे होते, हे मी नाकारणार नाही. अनुया बॅग घेऊन मैत्रिणीकडे मुक्कामाला गेली. श्वास अडला नाही. उल्हासनगरच्या बाजारातून लग्नाच्या साड्या आल्या. घरात पुष्कळ दिवसांनी गाणे ऐकू येऊ लागले.

पीळ प्रथम मला हात पुसायच्या पंच्याला दिसला. मी तो सोडवला. मग गॅलरीच्या पडद्याला दिसला. तोही सोडवला. एके सकाळी देवांखालच्या लाल वस्त्राचे टोक तसेच आढळले. ते मी धुऊन, वाळवून, स्वतः अंथरलेले होते. देवघरात ओल्या गवताचा वास येत होता. दूर्वांचा असेल म्हणून मी तबकात पाहिले. त्या दिवशी दूर्वा आणल्याच नव्हत्या.

वेताची खुर्ची आम्ही बकुळेमागे भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ती रस्त्याकडे वळलेली दिसू लागली.

मी भांडारात आयुष्य घालवले आहे. वस्तू आपोआप जागा बदलत नाही. बदलली, तर तिला कोणाचा तरी हात लागला, एवढाच त्याचा अर्थ. घरात आम्ही दोघेच होतो. अनुयाला विचारले, तर ती म्हणाली, ‘‘मी कशाला हलवू? मला वाटलं तुम्हीच बसता हल्ली तिथे.’’

मी बसत नव्हतो. बसत नाही, अशी माझी खात्री होती. पण दुपारी आडवा झालो की मला एकच स्वप्न पडे. धुरकट ऊन, रिकामा रस्ता, आणि त्या रस्त्याकडे लागलेले माझे डोळे. जाग येई तेव्हा मी पलंगावरच असे. तळव्यांना मात्र वेताची नक्षी उमटलेली असे.

एका संध्याकाळी मीनलचा फोन आला.

‘‘काका, एक विचारू? काल अनुयाला घरी यायला उशीर झाला होता का?’’

‘‘हो. कचेरीत काम होते. का?’’

‘‘नाही, म्हणजे... मैना काल चंदीला तोंड लावेना. फाटकाकडे तोंड करून उभी. अंधार पडल्यावर एकदम वळली आणि खाऊ लागली. परवाही तसंच. नवसी म्हणाली, ताईंच्या घरी विचारा.’’

‘‘म्हातारे जनावर आहे,’’ मी म्हणालो.

‘‘हो. तसंच असेल.’’



५

दुसऱ्या दिवशी मी एकटा वांगणीला गेलो. मीनल कामासाठी अंबरनाथला गेली होती. नवसी पेंढ्या उतरवत होती.

‘‘आलात? तुमची मैना बघा कशी झाली. नवरा परदेशी गेल्यावानी फाटकात उभी.’’

मैना खरोखर फाटकाशीच होती. चंदीचे घमेले भरलेले, तसेच.

‘‘त्या दिशी काय म्हनलात वो तिला?’’ नवसीने विचारले. ‘‘मला बी शिकवा. आमच्या सासूला घालवाया कामाला यील.’’

‘‘ते उत्तरपूजेचे शब्द आहेत. निरोपाचे.’’

‘‘म्हंजी काय पन?’’

मी तिला समजावून सांगू लागलो. ‘‘म्हणजे, देवांनो, आमची पूजा तुम्ही स्वीकारलीत. आमची इच्छा पूर्ण व्हावी म्हणून आता स्वस्थानी जावे. आणि...’’

‘‘आनि?’’

‘‘आणि पुन्हा यावे.’’

नवसी खदखदून हसली. ‘‘नको रं बाबा! माजी सासू खरंच परत यायची!’’

मी हसलो नाही. फाटकाचा खांब धरून उभा राहिलो.

ते शब्द मी आयुष्यभर म्हटले. देवासाठी ते योग्यच आहेत. त्याने पुन्हा यावे, अशीच इच्छा धरून आपण त्याला निरोप देतो. मेलेल्या माणसासाठी ते नाहीत. मुलीला साधी तीन वाक्ये जड गेली, म्हणून मी तिच्या वतीने माझे पवित्र शब्द वापरले, आणि त्या शब्दांनी मी काय मागितले, ते मला आज एका बाईच्या थट्टेत ऐकू आले.

मी मैनेजवळ गेलो. मान दोन्ही हातांत धरली.

‘‘तू बकुळा नाहीस. तू मैना आहेस. जा.’’

तिने माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत जनावराच्या डोळ्यांत असते तेवढेच होते. मग तिने माझ्या उपरण्याचे टोक तोंडात घेतले आणि कचाकचा चावले. नवसीने धावत येऊन ते ओढून काढले. टोक लाळेने चिंब झाले होते. दोन ठिकाणी फाटलेही होते. मैना वळली, घमेल्यात तोंड घातले आणि खाऊ लागली.

घोडी मोकळी झाली होती. तिच्या जागी जी उभी होती ती कुठे गेली, हे मला तिथे उभ्या उभ्या कळेना. रिक्षाने परतताना थोडेसे कळू लागले. ओले उपरणे खांद्यावर होते. मी एकटा होतो. तरी मागच्या सीटवर माझ्या शेजारी जागा सोडून बसलो होतो.

६

घरात मी पुन्हा प्रयत्न केला नाही असे नाही. गॅलरीतल्या खुर्चीसमोर उभा राहिलो. घोडीला जे सहज म्हणालो, ते खुर्चीला म्हणता येईना. संसार केलेल्या बाईला कोणत्या तोंडाने म्हणावे, की तू येऊ नकोस? मी उद्यावर टाकले. लग्न येऊन ठेपले, तरी उद्यावरच टाकत राहिलो.

लग्न चांगले झाले. निघायच्या दुपारी शौनक सामान घेऊन खाली गेला. अनुया देवांना, मग मला नमस्कार करून उठली. मी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. तिने बॅग उचलली, उंबऱ्यात एक पाय टाकला आणि थांबली.

हात छातीवर गेला. खांदे वर उचलले गेले.

‘‘बाबा...’’

तिची ओढणी मागे ताणलेली होती. टोक घरात होते. मी त्याच्या बाजूने नजर नेत गेलो आणि माझ्या स्वतःच्या उजव्या हातापाशी पोचलो. टोक माझ्या बोटांत होते. मी ते केव्हा धरले, आठवत नाही. बोटे हळूहळू त्याला पीळ देत होती. तसा पीळ मला कधी देता आला नव्हता. आणि माझ्या मुठीवर, वरून, दुसरी मूठ असावी तसा गारवा होता. गवताचा वास कानामागून येत होता.

मूठ उघडेना.

‘‘बाबा, सोडा ना.’’

तिचे ओठ निळे पडू लागले होते. शौनक जिना चढत येत असल्याचा आवाज आला.

ते शब्द मागे वळून म्हणायला हवे होते. ज्याला सांगायचे त्याच्याकडे पाहून सांगावे, एवढी साधी रीत. मला वळण्याचे धैर्य झाले नाही. मी समोर पाहत राहिलो, आणि समोर माझी मुलगी होती.

‘‘तू आता या घरची नाहीस,’’ मी म्हणालो. ‘‘जा. पुन्हा येऊ नकोस.’’

बोटे उघडली. ओढणी सुटून उंबऱ्यापलीकडे पडली. अनुयाने खोल, पूर्ण श्वास घेतला. तो मी ऐकला. मग तिचा चेहरा पाहिला.

‘‘बाबा, काय बोलताय तुम्ही?’’ शौनक दारात आला होता.

आमच्या घरातून कोणी ‘येते’ म्हटल्याशिवाय निघत नाही. अनुया ते न म्हणता जिना उतरली. तिचे हुंदके खालपर्यंत ऐकू येत होते, मोठे आणि मोकळे.

७

त्यानंतर पीळ कुठे दिसला नाही. देवघरातला वास गेला. मी एकटा आहे, आणि पूजेला खंड नाही. फक्त अक्षतांची पुडी आता बांधत नाही. घरातून निघणारे कोणी उरलेले नाही.

हल्ली मी संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसतो. इथून रस्ता वळणापर्यंत दिसतो. शेवटच्या धुरकट उन्हात तो वांगणीच्या त्या दुपारसारखा वाटतो. अनुया बंगळूरला आपल्या घरी पोचली असेल, असे मनाला पटेपर्यंत मला घास उतरत नाही. हे वय झाल्याचे लक्षण आहे, असे मी स्वतःला सांगतो.

आज तिचा फोन आला. लग्नानंतरचा पहिलाच. 

‘‘बाबा, तुम्ही तेव्हा असं का म्हणालात?’’

‘‘तुझा श्वास कसा आहे?’’

‘‘चांगला आहे. एकदम चांगला आहे.’’ मग हळूच, शाळेतल्या आवाजात, ‘‘बाबा, पहिली संक्रांत आहे. मी येऊ ना?’’

‘ये’ हा शब्द माझ्या ओठांवर आहे. त्यापेक्षा सोपा शब्द बापाच्या तोंडी नाही. पण तो या घरात उच्चारला, तर ऐकणारी ती एकटीच असेल का?

‘‘बाबा? ऐकताय ना?’’

सांजवातीची वेळ झाली आहे. उठायला हवे. खांद्यावरच्या उपरण्याचे टोक खुर्चीच्या पाठीमागे लोंबते आहे, आणि ते मोकळे लोंबत नाही. ओढ मुळीच नाही. नुसते धरलेले आहे.

मी अजून उत्तर दिलेले नाही.